खाली केलेली गाडी टायर का खाते? ॲडजस्टेबल पार्ट घरी बसवण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

गाडी खाली करणारे लोअरिंग स्प्रिंग टाकले की गाडी रस्त्याला बसते, वळणावर कमी झुकते, नाशिकच्या कॉलेज रोडवर लोक वळून बघतात. काही महिन्यांनी तीच गाडी रॅम्पवर चढते तेव्हा पुढच्या टायरची बाहेरची बाजू नव्यासारखी असते आणि आतल्या कडेला रबर झिजून टायरमधल्या तारा दिसत असतात. उभ्याने पाहणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, आणि धोका तिथेच आहे. कसारा घाटात, भर पावसात, अशा टायरवर जोरात ब्रेक मारायची वेळ कोणावरही येऊ नये.

मग कोणीतरी सुचवतं, ‘कॅम्बर किट टाक.’ कॅम्बर बोल्ट, ॲडजस्टेबल आर्म, कॅम्बर प्लेट हे सगळं आता घरपोच मिळतं, आणि पाना हातात धरता येणाऱ्याला त्यातलं बरंचसं सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसवताही येतं. फक्त हे पार्ट स्वतः अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करत नाहीत, अलाइनमेंट करायची सोय तेवढी देतात. कंपनीने जिथे नट-बोल्ट घट्ट जागेवर बसवून कोन कायमचा ठरवून टाकलेला असतो, तिथे हे पार्ट तो कोन हलवायची मुभा देतात. किती हलवायचा, कुठल्या दिशेला आणि मुळात हलवायचा की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. शिवाय टायर संपवतो तो बहुतेक वेळा कॅम्बर नसतो, टो असतो (हे दोन्ही कोन पुढे सांगतो). ज्यांनी मोजमाप न करता किट टाकलं त्यांचे टायर किटनंतरही जातात, ते याच कारणाने.

तीन कोन

गाडीसमोर उभं राहून चाकाकडे पाहा. चाकाचा वरचा भाग आत, इंजिनाकडे कललेला असेल तर तो निगेटिव्ह कॅम्बर. बाहेर कललेला असेल तर पॉझिटिव्ह.

टो वरून पाहायचा असतो. दोन्ही पुढची चाकं पावलं आत वळवून चालणाऱ्या माणसासारखी आत वळलेली असतील तर टो-इन, बाहेर फाकलेली असतील तर टो-आउट.

तिसरा कॅस्टर. स्टेअरिंग फिरवताना चाक ज्या तिरक्या आसाभोवती वळतं, त्या आसाचा बाजूने दिसणारा कल म्हणजे कॅस्टर. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. टायरच्या झिजेशी त्याचा संबंध कमी, म्हणून इथे त्याला एवढंच पुरे. मात्र डाव्या-उजव्या बाजूच्या कॅस्टरमध्ये फरक पडला तर गाडी एका बाजूला ओढते. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेकडे उतरते असतात आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे गाडी अगदी किंचित डावीकडे सरकणं स्वाभाविक आहे. त्याला दोष समजून पार्ट बदलायला निघू नका.

गाडी खाली आली की कोन का बदलतात

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो: खाली एक लोअर आर्म, वर स्प्रिंगसकट शॉकॲब्सॉर्बर (हाच स्ट्रट) आणि वळवायला टाय रॉड. लोअर आर्म आतल्या टोकाला बुशवर, म्हणजे रबरी सांध्यावर, अडकलेला असतो, त्यामुळे त्याचं बाहेरचं टोक सरळ वर-खाली जात नाही, वर्तुळाच्या कमानीवर फिरतं.

गाडी खाली आली तरी चाक जमिनीवरच राहतं, म्हणजे बॉडीच्या हिशेबाने हे टोक वर जातं. समजा आर्म ३५० मिमी लांब आहे आणि सुरुवातीला जमिनीला समांतर आहे. त्याचं बाहेरचं टोक ३० मिमी वर गेलं की ते आडव्या दिशेने सुमारे १.३ मिमी आत येतं. आणखी ३० मिमी वर गेलं की पुढची ओढ जवळजवळ ४ मिमी होते. दुप्पट खाली केलं की दुप्पट बिघडेल हा हिशेब इथे चालत नाही, बिघाड त्याहून वेगाने वाढतो. २५-३० मिमी उतरवलेली गाडी बऱ्याचदा साध्या टो सेटिंगवर भागते आणि ६० मिमी उतरवलेली भागत नाही, त्याचं मूळ या कमानीत आहे.

आता टाय रॉडकडे पाहा. तोही आपल्या कमानीवर फिरतो, पण त्याची लांबी वेगळी आणि कोन वेगळा. आर्म चाकाला जितकं आत ओढतो आणि टाय रॉड जितकं ओढतो, त्यात फरक पडला की तेवढं चाक वळतं. नकलवरचा (चाक ज्या लोखंडी भागाला जोडलेलं असतं तो नकल) स्टेअरिंग आर्म, म्हणजे टाय रॉड जिथे जोडला जातो तो दांडा, १३० मिमी लांब धरला तर फक्त १ मिमी फरकाने चाक ०.४४ अंश फिरतं. १५ इंची रिमच्या बाहेरच्या कडा मोजल्या तर त्या साधारण ४१५ मिमी भरतात (१५ इंच हे माप टायर बसतो त्या जागेचं असतं, कडेचं नसतं), म्हणजे रिमच्या कडेवर हा फरक ३ मिमीच्या वर जातो. वाटतो लहान, पण टायरसाठी तो फार मोठा आहे.

किती मोठा, तो हिशेबही करता येतो. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत १ मिमीचा टो असेल, तर ते चाक दर किलोमीटरला सुमारे २.४ मीटर आडवं जायला बघतं. गाडी मात्र सरळ जात असते. नाशिक ते मुंबई साधारण १६५ किलोमीटर धरले तर एका फेरीत हा आडवा प्रवास चारशे मीटरच्या आसपास भरतो. त्यातला काही भाग रबर वाकून सोसतं, उरलेला डांबरावर घासून जातो. आणि हा फक्त १ मिमीचा हिशेब झाला. खाली केल्यावर अलाइनमेंट न केलेल्या गाडीत याच्या तिप्पट-चौपट टो निघाला तरी आश्चर्य वाटायला नको.

कॅम्बरमुळे असं आडवं घासणं होत नाही. वजन आतल्या कडेवर जास्त पडतं आणि ती कड हळूहळू आधी झिजते. दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर असलेली, पण टो नेमका असलेली गाडी टायरला चांगलं आयुष्य देते. कॅम्बर शून्य आणि टो बिघडलेली गाडी देत नाही. दोन्ही बिघडले तर मात्र घासायचं काम टो करतो आणि कॅम्बर ते घासणं आतल्या कडेवर आणून ठेवतो. तारा नेमक्या आतल्या कडेलाच दिसतात, त्याचं कारण हे.

तुमच्या गाडीला कुठला पार्ट लागतो

हे गाडीच्या बांधणीवर अवलंबून असतं. ‘युनिव्हर्सल’ असं लिहिलेलं काही घेऊ नका.

स्विफ्टसारख्या बऱ्याच गाड्यांमध्ये स्ट्रट नकलला दोन बोल्टनी जोडलेला असतो. तिथे त्यातल्या एका बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट बसतो. या बोल्टच्या मधल्या भागाला एका बाजूला फुगवटा असतो. बोल्ट फिरवला की फुगवटा नकलला आत किंवा बाहेर ढकलतो आणि साधारण दीड अंशापर्यंत फरक मिळतो. स्वस्त, सोपा आणि घरी करण्यासारखा उपाय हाच आहे.

फोक्सवॅगन पोलोसारख्या गाड्यांत स्ट्रट नकलच्या गोल कड्यात वरून घुसतो आणि एकाच बोल्टने आवळला जातो. तिथे कॅम्बर बोल्टला जागाच नाही. अशा गाड्यांना वरच्या माउंटिंगच्या जागी कॅम्बर प्लेट लागते, आणि ती बसवायला दाबलेली स्प्रिंग सोडवावी लागते. हे काम घरी करू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जायबंदी होईल, जीवही जाईल एवढी ताकद असते, आणि भाड्याने आणलेला जुना स्प्रिंग कॉम्प्रेसर कधी सटकेल याचा नेम नसतो. स्ट्रट बाहेर काढून वर्कशॉपला न्या, प्लेट बसवून आणा आणि मग घरी चढवा.

मागच्या बाजूला बहुतेक हॅचबॅकना टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही चाकं एकाच वाकणाऱ्या तुळईला जोडलेली. गाडी खाली आली तरी तिथे कॅम्बर आणि टो फारसे बदलत नाहीत आणि बदलायची सोयही नसते. फार गरज पडली तर हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि बीम यांच्यामध्ये निमुळत्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालतात. ज्या गाड्यांना मागे स्वतंत्र सस्पेन्शन असतं, उदाहरणार्थ २००६ मध्ये आपल्याकडे आलेली होंडा सिव्हिक, त्यांना खाली केल्यावर मागे निगेटिव्ह कॅम्बर भरपूर येतो. ॲडजस्टेबल कॅम्बर आर्म आणि टो आर्म यांचा खरा उपयोग अशा गाड्यांनाच होतो.

नाशिकच्या अंबड आणि सातपूरला लेथवाले, वेल्डिंगवाले इतके चांगले आहेत की मूळ आर्म मधून कापून आट्यांचा रॉड वेल्ड करून घ्यायचा मोह होतो. करू नका. वेल्डच्या शेजारचं लोखंड तापून त्याचे गुण बदलतात, आर्मवर प्रत्येक खड्ड्यात ओढ-दाब येत राहतो आणि तडा नेमका तिथून जातो. मागचा आर्म ताशी १०० च्या वेगात तुटला तर गाडी हातात राहत नाही. कारागिराच्या हाताबद्दल मला शंका नाही. या जागी वेल्ड चालत नाही, एवढंच. स्प्रिंग कापून गाडी खाली करण्याबद्दलही हेच सांगेन: कापलेलं टोक खालच्या बशीत नीट बसत नाही आणि चाक खड्ड्यात लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. कापलेल्या स्प्रिंगच्या गाडीला कितीही महागाचे आर्म लावले तरी अलाइनमेंट टिकणार नाही.

आर्म घेताना टोकाला काय आहे ते पाहा. रबरी बुश शांत आणि टिकाऊ. पॉलियुरेथेन बुश ताठ असतात, पण ग्रीस संपलं की कुरकुरतात. रेसिंगमध्ये वापरतात ते उघडे धातूचे गोल जॉइंट आपल्या धुळीत आणि पावसात लवकर ढिले होतात. ज्या गाडीला रोज पाथर्डी फाट्याहून सातपूरला जायचं आहे, तिला रबर किंवा पॉलीच योग्य.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या आणि आरसीवर नोंद असलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गाडी खाली करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या, शक्य तर लेखी. अपघातानंतर विचारून उपयोग नसतो.

आणि उंचीचा विचार करा. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी आहे. ४० मिमी उतरवली की १२० च्या आसपास राहतो, चार माणसं बसली की आणखी कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असावा. असे ब्रेकर अडचण करत नाहीत. आपल्या कॉलन्यांमधले ब्रेकर कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे.

काम सुरू करण्याआधी

आधी मशीनवर जाऊन अलाइनमेंट फक्त मोजून घ्या आणि प्रिंट मागा. पैसे द्यावे लागले तरी हा कागद हवाच. कॅम्बर उणे १.२ आहे, दोन्ही बाजू जवळपास सारख्या आहेत आणि फक्त टो बिघडलाय असं निघालं, तर तुम्हाला किटची गरजच नाही. तिथेच टो करून घ्या, पैसे वाचले. रोजच्या वापरातल्या गाडीला पुढे उणे दीड अंशापर्यंत कॅम्बर चालतो, डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको. दोन अंशांच्या पुढे गेला असेल किंवा एक बाजू उणे अर्धा आणि दुसरी उणे दोन असेल, तर मात्र किटचा विचार करा. इतका फरक कधीकधी वाकलेल्या आर्मने किंवा फुटलेल्या बुशनेही पडतो. ते आधी तपासा. वाकलेला आर्म कॅम्बर बोल्टने झाकणं म्हणजे दोष तसाच ठेवून आकडा बदलणं.

बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. इगतपुरी-त्र्यंबककडे पावसाळे काढलेल्या गाडीचे बोल्ट पहिल्या प्रयत्नात सुटतील अशी अपेक्षा धरू नका. आणि जॅक लावण्याआधी, गाडी चारही चाकांवर उभी असताना, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. पुढे एका महत्त्वाच्या टप्प्यावर हाच आकडा लागणार आहे.

जागा सपाट आणि टणक हवी. पेव्हर ब्लॉकवर जॅक खचतो, उतारावर गाडी सरकते. हँडब्रेक, गिअर आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. गाडी जॅकवर उचलायची आणि जॅक स्टँडवर ठेवायची. फक्त जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी जाईल ते सांगून जात नाही. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक स्टँड म्हणून चालत नाहीत, ते कसलीही सूचना न देता फुटतात. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, ही आणखी एक राखण.

कॅम्बर बोल्ट बसवताना

चाक काढलं की ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या क्लिपमधून मोकळी करा, नाहीतर नकल हलवताना ती ताणली जाते. लोअर आर्मखाली जॅक हलका टेकवा. मग ज्या बोल्टच्या जागी नवा जायचा आहे तो काढा. बहुतेक किटमध्ये वरचा असतो, काहींमध्ये खालचा. किटबरोबरच्या कागदावर आहे तेच खरं. दुसरा बोल्ट काढायचा नाही, फक्त ढिला करायचा. दोन्ही काढले तर नकल बाहेर पडतो आणि त्याच्या ओढीने ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निखळू शकतो. मग दुपारचं काम दोन दिवसांचं होतं.

नवा बोल्ट जुन्यापेक्षा बारीक असतो, कारण फुगवट्याला भोकात फिरायला जागा हवी. म्हणूनच त्याचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, मूळ बोल्टपेक्षा कमी असतो. किटवर लिहिलेल्या टॉर्कलाच टॉर्क रेंचने आवळा. पंक्चरवाल्याच्या एअर गनने हा बोल्ट आवळणं म्हणजे तो ताणून कमजोर करणं. आधी बोल्ट अर्धवट आवळून, फुगवटा हव्या त्या दिशेला फिरवून, डिस्कचा वरचा भाग हाताने त्याच दिशेला दाबून धरा आणि मग पूर्ण आवळा. खाली केलेल्या गाडीत बहुतेक वेळा चाक वरून बाहेर आणायचं असतं. आणताना टायर फेंडरच्या आतल्या कडेला आणि आत आणत असाल तर स्ट्रटला लागत नाही ना, हे स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहा. आवळून झाल्यावर नट आणि स्ट्रटवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. पुढे ती तुटलेली दिसली की नट हललाय हे एका नजरेत कळतं.

ॲडजस्टेबल आर्म बसवताना

जुना आर्म काढला की नवा त्याच्या शेजारी ठेवा आणि एका बोल्टवर दोघांचीही भोकं ओवून, आधी नव्याची लांबी जुन्याइतकी करा. इथून सुरुवात केली की गाडी निदान मशीनपर्यंत सरळ जाते. लांबी वाढवताना आटे किती आत राहिले ते पाहा. बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी आटे आत अडकलेले असायला हवेत. काही आर्मना हे तपासायला भोकच दिलेलं असतं. त्यातून आटे दिसत नसतील तर आर्म फार बाहेर आलाय. सेटिंग झालं की चेक नट (लांबी हलू नये म्हणून आट्यांवर आवळायचे नट) घट्ट करायचे आणि त्यावर ग्रीसचा थर द्यायचा, नाहीतर दोन पावसाळ्यांत आटे गंजून आर्म पुन्हा ॲडजस्ट होत नाही.

आता तो लिहून ठेवलेला आकडा. बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळतं. चाक लोंबकळत असताना तुम्ही बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. प्रत्येक खड्ड्यात ते आणखी पिळतं आणि लवकर फाटतं. गाडीची उंचीही थोडी चुकते. म्हणून रबरी बुशचे बोल्ट आधी हाताने लावायचे, मग नकलखाली जॅक लावून हबच्या मध्यापासून फेंडरपर्यंतचं अंतर आधी मोजलेल्या आकड्याइतकं आणायचं आणि त्या उंचीला पूर्ण टॉर्क द्यायचा. गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, यावर लक्ष ठेवायचं. उत्साहाने नवे बुश टाकणाऱ्यांचे बुश वर्षभरात जातात त्यातले कितीतरी या एका पायरीमुळे जातात, आणि ती बऱ्याच वर्कशॉपमध्येही गाळली जाते. तुम्ही गाळू नका.

दोरीने टो मोजणं

कॅम्बर हलवला की टो हलतोच. म्हणून क्रम पक्का: आधी मागचं, मग पुढचं, आणि पुढे आधी कॅम्बर, शेवटी टो. मशीनवर नेण्याआधी घरी ढोबळ टो लावणं गरजेचं आहे, कारण टो बिघडलेली गाडी नाशिकच्या द्वारका चौकाच्या गर्दीतून चालवणंही त्रासाचं असतं.

गाडी उतरवून थोडी मागे-पुढे ढकला, बोनेट आणि डिकीवरून दाबून सस्पेन्शन बसू द्या, टायरमध्ये नेमकी हवा भरा. पुढच्या चाकांखाली दोन-दोन प्लॅस्टिक पिशव्या घातल्या तर चाक अडकून राहत नाही. स्टेअरिंग सरळ बांधून ठेवा. दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर दोरी ताणा. पुढच्या हबपासून दोरीचं अंतर डाव्या-उजव्या बाजूला सारखं, मागच्या हबपासूनचंही डाव्या-उजव्याला सारखं. पण पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून सारख्याच रुंदीवर नसतात, म्हणून दोरीचं पुढचं आणि मागचं अंतर एकसारखं करायला जाऊ नका. दोन दोऱ्यांमधलं अंतर पुढे आणि मागे एकच आलं की दोऱ्या समांतर झाल्या. आता दोरीपासून रिमची पुढची कड आणि मागची कड मोजा. पुढचं अंतर जास्त तर टो-इन, कमी तर टो-आउट. रोजच्या वापराला शून्य ते प्रत्येक चाकाला अर्धा मिमी टो-इन हे लक्ष्य धरा.

टाय रॉडचा चेक नट ढिला करून रॉड फिरवायचा. आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी आणि स्टेअरिंग आर्म १३० मिमी धरला तर एका पूर्ण फेऱ्याला रिमवर जवळजवळ ५ मिमी फरक पडतो, त्यामुळे पाव-पाव फेरा फिरवून मोजत जा. स्टेअरिंगचा रॅक (टाय रॉड ढकलणारा आडवा दांडा) ॲक्सलच्या मागे असेल तर रॉड लांब केला की टो-इन होतो, पुढे असेल तर उलट. दोन्ही बाजू सारख्या फिरवा, नाहीतर स्टेअरिंग वाकडं राहील.

कॅम्बर मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून ओळंब्याचं अंतर मोजा. ४१५ मिमीच्या रिमवर सव्वासात मिमी फरक म्हणजे १ अंश. तुमच्या रिमच्या मापाला ५७ ने भागलं की तुमच्या गाडीचा आकडा मिळेल. मात्र जमीन आडवी पातळीत आहे का, ते पाण्याच्या नळीने तपासून घ्या. जमीन अर्धा अंश कललेली असेल तर एका चाकाचा कॅम्बर तेवढा जास्त आणि समोरच्याचा तेवढाच कमी दिसतो.

मशीनवर

घरचं सेटिंग कितीही नेमकं वाटलं तरी शेवटचं मोजमाप ३डी मशीनवर करा. तिथे ‘कॅम्बर होत नाही भाऊ, टो करून देतो’ असं ऐकायला मिळेल, कारण मूळ गाडीत तो खरंच होत नाही. आपण ॲडजस्टेबल पार्ट टाकलेत, कुठला बोल्ट फिरवायचा आणि त्याचा टॉर्क किती, हे आधीच सांगा. शक्य असेल तर स्वतः फिरवा, त्यांना आकडे वाचू द्या. मशीनवर गाडीचं मूळ मॉडेल निवडलेलं असतं, त्यामुळे खाली केलेल्या गाडीचे काही आकडे लाल दिसतील. सगळं हिरवं करायचा आग्रह धरू नका. कॅम्बर दोन्हीकडे जवळपास सारखा, टो नेमका, मागच्या चाकांची दिशा सरळ, एवढं बघा. ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टेअरिंग सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागतो, आणि काचेवर कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांत त्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही.

१०० किलोमीटर चालल्यावर सगळे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, रंगाच्या रेघा पाहा. त्यानंतर महिन्याला एकदा, गाडी थंड असताना, टायरच्या पृष्ठभागावरून तळवा आडवा फिरवा, बाहेरून आत आणि आतून बाहेर. आधी आतल्या कडेला तार वर आलेली नाही ना ते बघून घ्या, ती हाताला कापते. एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि दुसऱ्या दिशेने रबराच्या कडा करवतीसारख्या टोचतात असं जाणवलं, तर टो हललाय. आतली कड डोळ्यांना झिजलेली दिसण्याच्या कितीतरी आधी हे हाताला कळतं, आणि तेव्हा अलाइनमेंट केली तर टायर वाचतो.